सहा हजारांत घरचं संगीत: आधी खोली, मग स्पीकर, सगळ्यात शेवटी ॲम्प

घरी गाणं नीट ऐकू येत नाही म्हटलं की बहुतेक जण नवा स्पीकर शोधायला लागतात. आवाज मात्र बिघडलेला असतो तो खोलीत. फ्लॅटमधली साधारण १० × १२ फुटांची खोली, खाली चकचकीत टाइल्स, चारही बाजूंना गिलावा केलेल्या नागड्या भिंती: अशा जागी महागडा स्पीकरही भांड्यात बोलल्यासारखा वाजतो. उलट, नीट मांडलेली जुनी, साधी जोडी तंबोऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमार वेगवेगळा ऐकवते. त्यामुळे पुढे जो क्रम दिला आहे तोच पाळा. पैसे न लागणारी कामं आधी, खरेदी त्यानंतर.

पैशांची वाटणी

एकूण ६,००० रुपये धरू. त्यातले निम्मे, म्हणजे ३,०००, स्पीकरच्या जोडीसाठी. ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) १,०००, त्याच्या अडॅप्टरला ३००, फोनला लावायच्या डोंगलला ७००, वायर आणि पिनांना ४०० आणि उरलेले ६०० खोलीसाठी. गाव आणि दुकान बदललं की भाव थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण बदलू नका. स्पीकरमध्ये काटकसर करून ॲम्पवर खर्च केला तर तो पैसा ऐकू येत नाही. वायरवर केला तर अजिबातच येत नाही.

आणि जोडी म्हणजे दोनच स्पीकर. तेवढ्याच पैशांत वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) आणि दोन डब्या असा संच मिळतो, पाच डब्यांचाही मिळतो. पण त्या डब्यांमध्ये अडीच-तीन इंची कोन (हलून आवाज काढणारा शंकू) असतो आणि तो साधारण २०० हर्ट्झच्या खाली थकतो. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झला आणि खर्जाचा ६९ हर्ट्झला. म्हणजे गायकाच्या गळ्याचा खालचा अर्धा भाग कोपऱ्यातल्या वूफरमधून येणार आणि वरचा समोरच्या डब्यांतून. असं गाणं एकसंध लागत नाही. पाच इंची किंवा त्याहून मोठा वूफर आणि वेगळा ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) असलेले दोन बॉक्स हेच या पैशांत सगळ्यात चांगलं.

फुकटची कामं

खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. शब्द अस्पष्ट होण्याचं आणि झांज-चिपळ्या कानाला टोचण्याचं ते मुख्य कारण. स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा दोन गोधड्या एकावर एक टाका, खिडकीला दुहेरी पडदा लावा आणि पुन्हा टाळी वाजवा. फरक लगेच कळेल.

आता मांडणी. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा त्रिकोण सगळ्या बाजूंनी सारखा हवा. १० × १२ च्या खोलीत ही बाजू सहा-साडेसहा फूट ठेवता येते. स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेवा, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्याच अंतरावर असावेत. अंदाज नको, टेपने मोजा. दोन इंचांच्या फरकानेही गायक मधून सरकून एका बाजूला बसतो.

उंचीचा मुद्दा आपल्याकडे हमखास चुकतो. ट्विटर कानाच्या पातळीवर हवा. सोफ्यावर बसलं की कान जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर असतो, खाली मांडी घालून बसलं की ७० ते ७५ वर. भारतीय बैठकीवर ऐकत असाल तर स्पीकरही तितकेच खाली आले पाहिजेत. कपाटाच्या डोक्यावर ठेवलेले स्पीकर दिसायला छान, पण त्यांचं वरचं सगळं काम तुमच्या डोक्यावरून निघून जातं.

स्टँड विकत घेऊ नका. सिमेंटचे पोकळ ब्लॉक एकावर एक ठेवा आणि वर कडप्प्याचा तुकडा टाका. फरशीच्या दुकानात उरलेले तुकडे नाममात्र दरात मिळतात. ब्लॉक पक्के बसलेत का ते हलवून बघा. घरात लहान मूल असेल तर ब्लॉकांची चळत नको, जड लाकडी स्टूल बरं. कडप्पा आणि स्पीकर यांच्यामध्ये स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवा, म्हणजे बॉक्सची थरथर खाली उतरत नाही. टेबलावर किंवा पोकळ टीव्ही युनिटवर ठेवलेला स्पीकर त्या लाकडालाही वाजवतो, आणि तो फुगलेला आवाज पुष्कळांना ‘चांगला बेस’ वाटतो.

पाठीमागच्या भिंतीपासूनच्या अंतराचा हिशोब सोपा आहे. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवर आपटून परतलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो, म्हणजे नेमका पुरुष गायकाच्या षड्जालाच खड्डा पडतो. स्पीकर मागे सरकवला की हा खड्डा वर जातो आणि बेस वाढतो. तोंड भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर आलं की खड्डा ३४० हर्ट्झच्या पुढे पोहोचतो, तिथे मागे लावलेली गोधडी थोडंफार काम करू शकते. म्हणून दोन्ही टोकांना ऐकून बघा आणि मधल्या जागाही तपासा. बॉक्सच्या मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून किमान ८-१० सेंटिमीटर जागा सोडा. बेस घुमत असेल तर त्या भोकात पायातला मोजा सैलसर कोंबा. हा उपाय पूर्णपणे शास्त्रीय आहे, फुकट आहे आणि हवा तेव्हा काढून घेता येतो.

बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर नको आणि डोकं मागच्या भिंतीला टेकलेलंही नको. १२ फूट लांबीत मागच्या भिंतीपासून साडेतीन ते साडेचार फूट ही जागा बहुतेक वेळा चांगली लागते. कारण असं: १२ फूट लांबीची खोली ४७ आणि ९४ हर्ट्झला घुमते, १० फूट रुंदी ५६ आणि ११३ ला, साडेनऊ फुटांचं छत ५९ आणि ११९ ला. भिंतीजवळ हे स्वर फुगलेले असतात आणि खोलीच्या मधोमध त्यांतले काही जवळजवळ गायब होतात. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५६-५९ आणि ११३-११९ या दोन ठिकाणी घुमण्याची भर पडते. डग्गा याच भागात बोलतो. काही ठेके ढुम्म होतात आणि काही कळतच नाहीत, त्याचं मूळ इथे आहे.

शेवटी आरसा. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून छोटा आरसा सरकवायला सांगा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसतो ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. पहिला परतीचा आवाज तिथूनच येतो.

स्पीकर विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली आणि बुधवार पेठेचा परिसर, किंवा कुठल्याही शहरातला जुना बाजार: दहा-वीस वर्षांपूर्वीच्या म्युझिक सिस्टिमचे सुटे बॉक्स सगळीकडे मिळतात. जाताना मल्टीमीटर, दीड व्होल्टचा एक सेल, एक फूट वायर आणि टॉर्च बरोबर घ्या.

आधी जाळी काढायला लावा. वूफरच्या कोनाभोवतीची कडा बोटाने हळूच दाबा. ती फोमची असेल आणि चुरा होत असेल तर पुढचं सगळं सोडा, किंवा भाव अर्ध्यावर आणा. फोम दहा-पंधरा वर्षांत विरघळल्यासारखा होतो, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्याहून लवकर. रबर किंवा कापडाची कडा पुष्कळ टिकते.

मग दोन्ही हातांची बोटं कोनाच्या समोरासमोरच्या बाजूंना ठेवून कोन अगदी हलका, सरळ आत ढकला. खरखर आली किंवा कुठे घासलं तर आतली कॉइल वाकली आहे किंवा जळली आहे. असा स्पीकर फुकट मिळाला तरी नको. मधली टोपी आत दबलेली असेल तर काळजी नाही, तो केवळ दिसण्यातला दोष.

मल्टीमीटर ओहमवर ठेवून टर्मिनलवर लावा. ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. काहीच आलं नाही तर आतली तार तुटलेली आहे. दोन्ही बॉक्सचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. डीव्हीडी होम थिएटरच्या संचातले कित्येक बॉक्स ३ ओहमचे असतात. मागच्या पट्टीवर तसं छापलेलं असतं. पुढे दिलेल्या ॲम्पला ते जड जातात, म्हणून टाळा. ‘पीएमपीओ’ म्हणून लिहिलेल्या हजार-दोन हजार वॅटच्या आकड्याला काहीही अर्थ नाही. बघायचा तर आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो तो वॅटचा आकडा बघा. जोडी एकाच मॉडेलची हवी आणि दोन्ही बॉक्स हातात घेतल्यावर वजनदार लागायला हवेत.

सेलचं काम असं: सेलचा मायनस वायरीने काळ्या टर्मिनलला जोडा आणि प्लस स्पीकरच्या लाल टर्मिनलला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही बॉक्समध्ये तो एकाच दिशेने हलतो ना ते पाहा. कुणीतरी मागे दुरुस्तीत आतल्या वायरी उलट्या जोडल्या असतील तर इथेच सापडतं.

फोमची कडा गेलेली पण बाकी उत्तम अशी जोडी स्वस्तात मिळाली तर घ्यायला हरकत नाही. स्पीकर दुरुस्त करणारे कडा बदलून देतात. त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: फक्त कडा बदला, कोन बदलू नका. हाताशी असलेला जाडा कोन लावला की त्याचं वजन वेगळं पडतं आणि ती मूळ जोडी राहत नाही.

वीस वर्षं जुन्या बॉक्सचं एक छोटं ऑपरेशन

ट्विटरच्या वाटेत खालचे स्वर अडवणारा एक कपॅसिटर असतो. स्वस्त बॉक्समध्ये तो बहुधा २.२ ते ४.७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक असतो आणि वर्षांनुवर्षं सुकत जातो. त्याचा परिणाम म्हणजे वरचा आवाज मंद होतो, एका बॉक्समध्ये जास्त आणि दुसऱ्यात कमी. तंबोरा लावून बघा. जवारीची चमक एकाच बाजूने येत असेल तर संशय याच्यावर घ्या.

ट्विटरचे स्क्रू काढा, कपॅसिटरवरचा आकडा वाचा आणि त्याच आकड्याचा, १०० व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर सोल्डर करा. याला प्लस-मायनस नसतं. आकडा मात्र बदलू नका. ८ ओहमच्या ट्विटरला ३.३ मायक्रोफॅरडने साधारण ६,००० हर्ट्झपासून वर वाजू दिलं जातं. तिथे ४.७ लावला की हीच सीमा ४,२०० वर उतरते, ट्विटरवर जास्त भार येतो आणि आवाज कर्कश होतो. कपॅसिटर आकाराने मोठा असेल तर बॉक्सच्या आत गरम गोंदाने चिकटवा, नाहीतर तोच खुळखुळतो.

ॲम्प आणि त्याचा अडॅप्टर

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ या चिपवर बनलेले छोटे क्लास डी ॲम्प बाजारात सुटा बोर्ड म्हणूनही मिळतात आणि डबीत बसवलेलेही. सोल्डरिंगची सवय नसेल तर डबीतला घ्या, दोनशे रुपये जास्त जातील. लॅपटॉपच्या जुन्या १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरच्या अडॅप्टरवर तो ८ ओहमच्या स्पीकरला वीसेक वॅट देतो. हे कमी वाटेल, पण ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरवर घरातलं नेहमीचं ऐकणं एक वॅटच्या आतच होतं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून शंभर वॅटच्या मागे धावू नका.

इथे चार चुका बोर्ड जाळतात किंवा स्पीकर बिघडवतात.

अडॅप्टरच्या पिनेत मधला भाग प्लस आहे का ते मल्टीमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. उलटा गेला तर बोर्ड संपला.

२४ व्होल्टचा अडॅप्टर चालेल असं विक्रेता सांगतो. चिप २६ पर्यंत झेलते हे खरं, पण कित्येक स्वस्त बोर्डांवर २५ व्होल्टचे कपॅसिटर बसवलेले असतात. १९ वरच राहा.

डावा आणि उजवा या दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र जोडू नका. या ॲम्पमध्ये दोन्ही टोकं जिवंत असतात, कुठलंही टोक अर्थिंगचं नसतं. जुन्या घरांत तीन वायरींवर दोन स्पीकर चालवलेले दिसतात, ती पद्धत इथे चालणार नाही. प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र दोन वायरी हव्या.

आणि सुरू करताना ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर प्रत्येक वेळी ‘धप्प’ असा झटका वूफरला बसतो.

वायर म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची दुहेरी लवचिक तांब्याची वायर. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध ओहमच्या आठव्या भागाइतका, ८ ओहमपुढे नगण्य. दहापट किमतीची वायर घेऊन यात ऐकू येईल असा काहीच बदल होत नाही. महत्त्वाचं आहे ते टोक: तारा नीट पिळा, एकही केस बाहेर राहू देऊ नका आणि लाल लालला, काळा काळ्याला जोडा. एकीकडे चुकून उलटं जोडलं गेलं तर बेस पातळ होतो आणि गायक खोलीत कुठे उभा आहे ते कळत नाही. शंका आली तर एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. ज्या जोडणीत बेस भरतो आणि गळा मध्ये येतो ती बरोबर.

फोन किंवा लॅपटॉपपासून ॲम्पपर्यंत

ब्लूटूथची सोय मोठी, पण एका जागी बसवलेल्या संचाला वायरच लावा. यूएसबी-सीचं डोंगल घेताना त्याच्या आत डीएसी (डिजिटल गाण्याचं विद्युत संकेतात रूपांतर करणारी चिप) आहे ना ते विचारा. नुसतं पिन बदलणारं डोंगल पुष्कळ फोनवर चालतच नाही. फोनचा आवाज ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पच्या बटणाने करा. फोन ३० टक्क्यांवर आणि ॲम्प पूर्ण उघडा, असं झालं तर गाण्यामागे ‘हिस्स’ ऐकू येतो. फोनमधलं ‘साउंड एन्हान्समेंट’, थ्रीडी, बेस बूस्ट हे सगळं बंद करा.

लॅपटॉप लावल्यावर ‘हम्म’ असा सतत आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला, म्हणजे अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे. ॲम्पला दोन पिनांचा अडॅप्टर वापरा किंवा मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडू नका, विजेचा धक्का बसायचा.

खोलीसाठी उरलेले सहाशे

अंड्यांचे ट्रे आणि अर्धा इंची फोम यांचा उपयोग फार थोडा. पातळ वस्तू फक्त अगदी वरचा आवाज शोषते, मधला तसाच राहतो आणि खोली आंधळी होते. जाडी हवी. घरातली जुनी कापसाची गादी सगळ्यात उपयोगाची: चार इंच जाड, हवा आत जाऊ देणारी. ती ऐकायच्या जागेमागच्या भिंतीला उभी करून वर स्वच्छ चादर घाला.

आरशाने सापडलेल्या दोन जागांसाठी लाकडाच्या वखारीतून एक बाय दोन इंची पट्ट्या आणून ४ × २ फुटांच्या दोन चौकटी ठोका. प्रत्येकीत दोन-तीन गोधड्या घडी करून बांधा, बाहेरून मांजरपाट ताणून लावा. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर ते योग्य. रेक्झिन किंवा जाड मेणकापड चालणार नाही, आवाज त्यावरूनच परततो. चौकट भिंतीला चिकटवू नका, दोन इंच पुढे टांगा. मागच्या हवेमुळे तीच जाडी आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करते. रॉकवूलच्या ५० मिलिमीटरच्या पाट्या मिळाल्या तर अधिक चांगलं, पण हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळा आणि सगळ्या बाजूंनी कापडात शिवून घ्या.

शेवटची जुळवणी

लॅपटॉपवरून ऐकत असाल तर विंडोजसाठी इक्वलायझर एपीओ हा वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणारा प्रोग्रॅम मोफत मिळतो. फोनवर टोन जनरेटर लावून ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर चढा. आवाज मध्यमच ठेवा, ३०-४० ला तर लहानच. जिथे आवाज एकदम फुगतो ते आकडे लिहून ठेवा. वरच्या मापाच्या खोलीत ५६-५९ किंवा ११३-११९ च्या आसपास काहीतरी सापडेलच. तिथे ४ ते ६ डेसिबल कमी करा, क्यू (छाटायचा पट्टा किती अरुंद ते सांगणारा आकडा) पाचच्या जवळ ठेवा. फुगवटे छाटा, खड्डे भरायला जाऊ नका. खड्डा भिंतीने केलेला असतो, तिथे कितीही शक्ती ओतली तरी ती भिंतच खाते आणि वूफर मात्र ताणला जातो. खड्ड्यावरचा उपाय म्हणजे बसायची जागा अर्धा फूट सरकवणं.

कसोटीसाठी ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेलं एखादं नाट्यगीत लावा. ते मोनो असतं, म्हणून गळा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, एका बिंदूवर ऐकू आला पाहिजे. तो डावीकडे झुकला तर टेप काढून अंतरं पुन्हा मोजा. दोन्हीकडे पसरला तर एक स्पीकर उलटा जोडलेला आहे. मग तंबोरा आणि तबला असलेलं चांगलं स्टीरिओ ध्वनिमुद्रण लावा आणि स्पीकरांची तोंडं तुमच्याकडे थोडी थोडी वळवत जा. वळवाल तशी झांज आणि जवारी पुढे येते. जिथे ती टोचायला लागेल त्याच्या जरा अलीकडे थांबा आणि कडप्प्यावर खडूने खूण करा, कारण घर पुसताना स्पीकर हलणारच.

पावसाळ्यात गाद्या आणि गोधड्या बाहेरच्या ओल्या भिंतीपासून चार इंच पुढे ओढा आणि ऊन पडेल त्या दिवशी उन्हात टाका. ॲम्पचं बटण फिरवताना खरखर यायला लागली तर वीज बंद करून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या.